वीस शिलिंगांचा खटला : जॉन हॅम्पडन

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी घरपट्टीचे किंवा पाणीपट्टीचे बिल येते. घरातील मोठी माणसे ते पाहतात, थोडी कुरकुर करतात आणि भरून टाकतात. ही पट्टी कोणी बसवली, कोणत्या अधिकाराने बसवली, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. आपण निवडून दिलेल्या लोकांनी कायदा केला असेल आणि त्या कायद्याप्रमाणे पैसे घेतले जात असतील, असे आपण धरून चालतो. पण हे नेहमीच असे नव्हते. राजाला पैसे हवे झाले की त्याने हुकूम काढावा आणि प्रजेने थैली सोडावी, असा काळ जगाने पाहिला आहे.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये याच प्रश्नावरून राजा आणि पार्लमेंट यांच्यात मोठा झगडा झाला. त्या झगड्यात एका माणसाने वीस शिलिंग भरण्याचे नाकारले. वीस शिलिंग म्हणजे फक्त एक पौंड. हा माणूस गरीब नव्हता. त्याच्या जिल्ह्यातील मोठ्या जमीनदारांत त्याची गणना होत होती. मग एका पौंडासाठी त्याने राजाशी वैर का घेतले? त्या माणसाचे नाव जॉन हॅम्पडन. या पाठात आपण त्याची ओळख करून घेऊ.

जॉन हॅम्पडनचा जन्म १५९५ च्या सुमारास झाला. लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशायर नावाचा जिल्हा आहे. तेथे ग्रेट हॅम्पडन या गावी त्याच्या घराण्याची पिढीजात जमीन होती. जॉन अगदी लहान असतानाच, १५९७ मध्ये, त्याचे वडील वारले. आई एलिझाबेथ ही क्रॉमवेल घराण्यातील होती. पुढे इंग्लंडच्या इतिहासात प्रसिद्ध झालेला ऑलिव्हर क्रॉमवेल हा जॉनचा मामेभाऊ. जॉनचे शालेय शिक्षण टेम नावाच्या लहानशा गावातील शाळेत झाले. हे गाव लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे. शाळेनंतर तो ऑक्सफर्ड विद्यापीठात गेला आणि त्यानंतर लंडनला जाऊन त्याने कायद्याचा अभ्यास केला. वकिली करून पोट भरण्याची त्याला गरज नव्हती. पण कायदा म्हणजे काय आणि तो कोणाकोणाला लागू होतो, हे तो तेथे शिकला. या शिक्षणाचा त्याला आयुष्यभर उपयोग झाला.

१६२१ मध्ये तो पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये निवडून गेला. पार्लमेंट म्हणजे काय, हे येथे थोडक्यात समजून घेऊ. आपल्याकडे जशी लोकसभा आणि राज्यसभा आहे, तशी इंग्लंडमध्येही दोन सभागृहे होती. एका सभागृहात मोठे सरदार आणि धर्मगुरू बसत. दुसऱ्यात जिल्ह्यांतून आणि शहरांतून निवडून आलेले लोक बसत. या दुसऱ्या सभागृहाला हाउस ऑफ कॉमन्स म्हणतात. मात्र त्या काळी मत देण्याचा हक्क सर्वांना नव्हता. स्त्रियांना तो नव्हता, गरिबांना नव्हता. थोडीफार मालमत्ता असलेले पुरुषच मत देत. पार्लमेंट आजच्यासारखे दरवर्षी भरतही नसे. राजा बोलावील तेव्हा ते भरे आणि राजा सांगेल तेव्हा घरी जाई. परंतु एक जुनी रीत पक्की होती. नवा कर बसवायचा असेल तर राजाला पार्लमेंटची संमती घ्यावी लागे. पार्लमेंटच्या हातातील खरी किल्ली हीच होती.

त्या काळी हॅम्पडनच्या आईच्या मनात एक इच्छा होती. आपल्या मुलाला राजाकडून सरदारकीचा किताब मिळावा, असे तिला वाटे. तेव्हाचा राजा पहिला जेम्स पैसे घेऊन किताब देत असे. हॅम्पडनकडे पैसे होते. तरीही तो त्या वाटेला गेला नाही. तो हाउस ऑफ कॉमन्समध्येच राहिला. तेथेही तो फार बोलत नसे. इतरांचे बोलणे तो शांतपणे ऐकून घेई आणि नंतर मोजक्या शब्दांत आपले मत मांडी. आरडाओरडा करणे त्याच्या स्वभावात नव्हते.

१६२५ मध्ये जेम्स मरण पावला आणि त्याचा मुलगा पहिला चार्ल्स गादीवर आला. राजाची सत्ता ही ईश्वराने दिलेली आहे आणि राजा आपल्या कृत्यांचा जबाब फक्त ईश्वरालाच देईल, अशी बापाप्रमाणे त्याचीही समजूत होती. चार्ल्स दुर्व्यसनी नव्हता. कुटुंबावर त्याचे प्रेम होते, चित्रकलेची त्याला उत्तम जाण होती. पण प्रजेने आपल्याला प्रश्न विचारावा, हेच त्याला सहन होत नसे.

गादीवर येताच त्याने युद्धे सुरू केली. युद्धाला पैसा लागतो. पार्लमेंटने पैशाबरोबर तक्रारीही पुढे ठेवल्या, म्हणून राजाने पार्लमेंट बरखास्त केले आणि दुसरी वाट शोधली. त्याने श्रीमंत लोकांकडून सक्तीने कर्ज मागितले. नाव कर्जाचे होते, पण ते परत मिळण्याची आशा कोणालाच नव्हती. अनेकांनी भीतीपोटी पैसे दिले. काहींनी नकार दिला. नकार देणाऱ्यांत हॅम्पडन होता. १६२७ मध्ये त्याला कैदेत टाकण्यात आले. त्याच्यावर कोणताही गुन्हा ठेवला नव्हता, कोणत्याही न्यायालयात खटला चालला नव्हता. राजाचा हुकूम, एवढेच कारण होते. पुढच्या वर्षी तो सुटला.

त्याच वर्षी, म्हणजे १६२८ मध्ये, राजाला पुन्हा पार्लमेंट बोलवावे लागले. या वेळी सभासदांनी एक अर्ज तयार केला. इतिहासात तो हक्कांचा अर्ज म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात चार मागण्या होत्या. पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर किंवा कर्ज घेऊ नये. कारण दाखवल्याशिवाय कोणालाही कैदेत ठेवू नये. लोकांच्या घरांत जबरदस्तीने सैनिक ठेवू नयेत. शांततेच्या काळात लष्करी कायदा लावू नये. पैशाची नड असल्यामुळे चार्ल्सने हा अर्ज मान्य केला. हक्क, अर्ज, कैद, कर्ज हे सर्व शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. शब्द आपल्याला किती ओळखीचे आहेत! पण त्या शब्दांमागचा अर्थ मिळवण्यासाठी लोकांना किती झगडावे लागले, हे पाहण्यासारखे आहे.

राजाने अर्ज मान्य केला, पण तो मनापासून पाळला नाही. १६२९ मध्ये पुन्हा वाद झाला. चार्ल्सने पार्लमेंट बरखास्त केले आणि त्यानंतर अकरा वर्षे ते बोलावलेच नाही. त्याने विरोध करणाऱ्या काही सभासदांना लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात कैद केले. त्यांत सर जॉन इलियट हा हॅम्पडनचा जिवलग मित्र होता. इलियटची मुले लहान होती. तुरुंगातील मित्राला हॅम्पडन नियमाने पत्रे लिही. त्याच्या मुलांच्या शिक्षणाची तो चौकशी करी, सुट्टीत त्यांना आपल्या घरी ठेवून घेई. राजाची माफी मागितली असती तर इलियट सुटला असता. पण आपण गुन्हाच केला नाही तर माफी कसली मागायची, असे त्याचे म्हणणे होते. १६३२ मध्ये तो तुरुंगातच क्षयाने मरण पावला. वडिलांना आपल्या गावी दफन करावे म्हणून त्याच्या मुलाने मृतदेह मागितला. राजाने तोही दिला नाही. इलियटला टॉवरमध्येच पुरण्यात आले. मित्राच्या या मरणाचा हॅम्पडनच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

पार्लमेंट नाही म्हणजे नवा कर नाही. मग राज्याचा खर्च कसा चालवायचा? राजाच्या वकिलांनी जुनी दप्तरे उपसली. त्यांत त्यांना एक जुनी प्रथा सापडली. पूर्वी समुद्रावर शत्रूचे भय निर्माण झाले, की राजा किनाऱ्यावरच्या शहरांकडून जहाजे किंवा जहाजांसाठी पैसे घेत असे. आपण त्याला जहाजपट्टी म्हणू. १६३४ मध्ये चार्ल्सने किनाऱ्यावरच्या शहरांना जहाजपट्टी लावली. त्यावर फारशी गडबड झाली नाही. पण १६३५ मध्ये त्याने ती सगळ्या इंग्लंडला लावली. ज्या जिल्ह्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता, त्यांनाही जहाजाचे पैसे भरण्याचा हुकूम आला. बकिंगहॅमशायरला समुद्रकिनारा नाही. तरी त्या जिल्ह्याच्या वाट्याला ४,५०० पौंड आले.

येथे राजाची बाजूही समजून घेतली पाहिजे. समुद्रावर खरोखर चाच्यांचा उपद्रव होता. डंकर्कचे चाचे होते, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचेही होते. ते जहाजे लुटत आणि माणसे पकडून नेत. या पट्टीचा पैसा राजाने मुख्यतः आरमारावरच खर्च केला, चैनीत उडवला नाही. मग हॅम्पडनची तक्रार कशाबद्दल होती? त्याची तक्रार रकमेबद्दल नव्हती आणि जहाजांबद्दलही नव्हती. त्याचा प्रश्न असा होता की संकट आले आहे हे कोणी ठरवायचे? एकट्या राजाने ते ठरवायचे असेल, तर राजा दरवर्षी म्हणेल की संकट आहे. दरवर्षी पैसे घेईल. मग त्याला पार्लमेंटची गरजच उरणार नाही. आज कर चांगल्या कामासाठी आहे, पण उद्या तो कशासाठी असेल? एकदा दार उघडे टाकले की आत कोण येईल हे आपल्या हातात राहत नाही.

हॅम्पडनने पट्टी भरली नाही. त्याच्या भागातील ग्रेट किंबल या गावात न भरणाऱ्यांची यादी तयार झाली, तेव्हा तीत पहिले नाव हॅम्पडनचे होते. गंमत म्हणजे पट्टी आकारण्याचे आणि वसूल करण्याचे काम ज्या गावकऱ्यांकडे होते, त्यांनी आपलीही नावे त्याच यादीत लिहिली होती.

सरकारने ठरवले की एका माणसावर खटला चालवावा आणि प्रश्नाचा कायमचा निकाल लावून घ्यावा. त्यासाठी हॅम्पडनची निवड झाली. त्याची जमीन अनेक गावांत होती. त्यांतील स्टोक मँडेव्हिल या गावच्या जमिनीवर लावलेल्या वीस शिलिंगांचा हा खटला होता. १६३७ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यांत तो बारा न्यायाधीशांपुढे चालला. लंडनच्या लोकांनी तो ऐकण्यासाठी गर्दी केली.

हॅम्पडनच्या वतीने ऑलिव्हर सेंट जॉन आणि रॉबर्ट होलबर्न हे दोन वकील उभे राहिले. सेंट जॉनचा मुद्दा साधा आणि बिनतोड होता. शत्रू दारात उभा असेल तर राजाने पार्लमेंटची वाट पाहू नये, हे त्याला मान्य होते. आग लागल्यावर सभा भरवत बसायचे नसते. पण राजाचा हुकूम निघाला १६३५ च्या ऑगस्टमध्ये आणि जहाज तयार ठेवायचे होते १६३६ च्या मार्चमध्ये. मध्ये सात महिने होते. पार्लमेंट बोलवायला चाळीस दिवस पुरत होते. सात महिने थांबता येते, तर ती आग कसली? राजाचे वकील म्हणाले की देशाचे रक्षण करणे हे राजाचे काम आहे, म्हणून संकट कधी आहे आणि त्यावर उपाय काय हे ठरवण्याचा अधिकारही एकट्या राजाचाच आहे.

न्यायाधीशांची स्थिती अवघड होती. त्यांची नेमणूक राजा करी आणि त्याच्या मर्जीतून उतरलेल्या न्यायाधीशाला तो काढूनही टाकू शकत असे. १६३४ मध्येच हीथ नावाच्या एका मुख्य न्यायाधीशाला त्याने पदावरून दूर केले होते. अशा वेळी राजाच्या विरुद्ध निकाल देणे म्हणजे आपली नोकरी पणाला लावणे होते. न्यायमूर्ती क्रोक यांच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्यांचे मन डळमळत होते. तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांना धीर दिला. आमच्यासाठी आपल्या विवेकाविरुद्ध जाऊ नका, वाट्याला गरिबी आली तरी मी ती सोशीन, अशा अर्थाचे ती बोलली. क्रोक यांनी राजाच्या विरुद्ध मत दिले. न्यायमूर्ती हटन यांनीही तसेच केले.

१६३८ मध्ये निकाल लागला. बारांपैकी सात न्यायाधीश राजाच्या बाजूने होते आणि पाच हॅम्पडनच्या बाजूने. हॅम्पडन खटला हरला.

पण मुलांनो, काही वेळा हरणारा जिंकतो. राजाला वाटले होते की सगळे न्यायाधीश आपल्याच बाजूने बोलतील. त्याऐवजी सर्व देशाने पाहिले की राजाने नेमलेल्या बारा न्यायाधीशांपैकी पाच जण हॅम्पडनच्या बाजूने उभे राहिले. खटल्यातील वकिलांची भाषणे आणि न्यायाधीशांची मते यांची चर्चा गावोगाव झाली. आतापर्यंत मुकाट्याने पट्टी भरणारे लोक विचार करू लागले. पुढच्या काळात जहाजपट्टीची वसुली झपाट्याने घटली. ज्याला आतापर्यंत त्याच्या जिल्ह्याबाहेर फारसे कोणी ओळखत नव्हते, त्या हॅम्पडनचे नाव साऱ्या इंग्लंडमध्ये घेतले जाऊ लागले.

याच सुमारास स्कॉटलंडमध्ये बंड झाले. चार्ल्स त्या देशाचाही राजा होता. त्याने तेथील लोकांवर नवे प्रार्थनापुस्तक लादण्याचा प्रयत्न केला होता आणि लोकांनी शस्त्र उचलले होते. बंड मोडायला फौज हवी, फौजेला पैसा हवा आणि पैसा पार्लमेंटशिवाय मिळत नव्हता. अकरा वर्षांनी, एप्रिल १६४० मध्ये, राजाने पार्लमेंट बोलावले. सभासदांनी आधी तक्रारी मांडल्या. राजाने तीन आठवड्यांतच त्यांना घरी पाठवले. पण स्कॉटलंडच्या सैन्याने त्याचा पराभव केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पुन्हा पार्लमेंटचे दार ठोठवावे लागले. दोन्ही वेळा हॅम्पडन बकिंगहॅमशायरचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला.

या पार्लमेंटने अनेक महत्त्वाचे कायदे केले. तीन वर्षांतून एकदा तरी पार्लमेंट भरलेच पाहिजे, असा एक कायदा झाला. पार्लमेंटच्या स्वतःच्या संमतीशिवाय ते बरखास्त करता येणार नाही, असा दुसरा झाला. १६४१ मध्ये जहाजपट्टी बेकायदेशीर ठरवण्यात आली आणि हॅम्पडनविरुद्ध लागलेला निकाल रद्द करण्यात आला. तीन वर्षांपूर्वी न्यायालयात हरलेला माणूस आता जिंकला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटपुढे राजाविरुद्धच्या तक्रारींचा एक मोठा मसुदा आला. त्यात दोनशेहून अधिक कलमे होती. रात्री उशिरापर्यंत वाद चालला. मसुदा फक्त अकरा मतांनी मंजूर झाला. त्यानंतर गोंधळ माजला, सभासदांचे हात तलवारींकडे गेले. सभागृहात रक्त सांडते की काय, असे वाटू लागले. तेव्हा हॅम्पडन उभा राहिला. त्याने शांत आवाजात चार शब्द सांगितले आणि सभासद आपापल्या जागी बसले. अशा प्रसंगी त्याचा खरा स्वभाव दिसतो. राजासमोर न झुकणारा हा माणूस आपल्या सोबत्यांनाही भडकू देत नसे.

यानंतर राजाने आपली सर्वांत मोठी चूक केली. ४ जानेवारी १६४२ रोजी तो स्वतः सुमारे चारशे हत्यारबंद माणसे घेऊन हाउस ऑफ कॉमन्सवर चालून आला. पाच सभासदांवर त्याने राजद्रोहाचा आरोप ठेवला होता. पिम, हॅम्पडन, हॉलिस, हेसलरिग आणि स्ट्रोड ही त्यांची नावे. माणसे बाहेर ठेवून राजा सभागृहात शिरला आणि अध्यक्षांच्या खुर्चीपाशी गेला. त्याने चहूकडे नजर फिरवली. पाचही जागा रिकाम्या होत्या. बातमी आधीच मिळाल्यामुळे ते पाच जण होडीत बसून टेम्स नदीतून लंडन शहरात निघून गेले होते. राजाने अध्यक्ष लेंथॉल यांना विचारले की ते कोठे आहेत. लेंथॉल गुडघे टेकून बसले. राजाचा योग्य तो मान राखून त्यांनी नम्रपणे सांगितले की आपण या सभागृहाचे सेवक आहोत आणि सभागृह सांगेल तेवढेच आपण बोलू शकतो. राजा रिकाम्या हाताने परतला.

ही बातमी बकिंगहॅमशायरला पोहोचली. तेथील हजारो लोक घोड्यांवर बसून आपल्या प्रतिनिधीच्या पाठिंब्यासाठी लंडनला आले. लंडनचे नागरिकही पार्लमेंटच्या बाजूने उभे राहिले. राजा आपल्या कुटुंबासह राजधानी सोडून गेला. दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, ते पाच सभासद होड्यांतून वाजतगाजत पार्लमेंटमध्ये परत आले.

आता समेटाची आशा संपली. ऑगस्ट १६४२ मध्ये राजाने नॉटिंगहॅम येथे आपले निशाण उभारले आणि यादवी युद्ध सुरू झाले. यादवी म्हणजे एकाच देशातील लोकांनी आपापसांत केलेले युद्ध. त्यात भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो, म्हणून ते सर्वांत वाईट. हॅम्पडनने आपल्या जिल्ह्यातील माणसांची एक पायदळ पलटण उभी केली. तिचे सैनिक हिरवे अंगरखे घालत. पन्नाशीकडे झुकलेला हा कायद्याचा अभ्यासक आता कर्नल झाला.

युद्धाने आणखी एक कडू गोष्ट दाखवली. फौज पोसण्यासाठी पार्लमेंटनेही कर बसवले आणि ते जहाजपट्टीपेक्षा कितीतरी जड होते. लोकांना ते भरताना त्रास झाला. सत्ता राजाच्या हातात असो की सभेच्या, ती वापरताना तिच्यावर कोणाचा तरी अंकुश लागतो, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

१८ जून १६४३ रोजी पहाटे राजाचा भाचा राजपुत्र रूपर्ट याच्या घोडदळाने ऑक्सफर्डच्या आसपास पार्लमेंटच्या ठाण्यांवर छापा घातला. हॅम्पडनची पलटण तेथे नव्हती. त्याला जाण्याची गरज नव्हती. तरीही शत्रूला अडवायचे म्हणून तो दुसऱ्यांच्या घोडदळात सामील झाला. चॅलग्रोव्ह नावाच्या गावाजवळच्या शेतात चकमक झाली. तीत हॅम्पडनच्या खांद्याला जबर जखम झाली. मान खाली घालून, घोड्याच्या मानेवर हात टेकवून तो एकटाच रणातून बाहेर पडला. कसाबसा तो टेम गावी पोहोचला. होय, लहानपणी ज्या गावात तो शाळेत गेला होता, तेच हे गाव. तेथे सहा दिवस वेदना सोसून २४ जून १६४३ रोजी त्याने प्राण सोडला. त्याच्या सैनिकांनी त्याला ग्रेट हॅम्पडनच्या चर्चमध्ये नेऊन दफन केले.

हॅम्पडन गेला, पण झगडा संपला नाही. राजाचा पराभव झाला. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद करण्यात आला. त्यानंतर हॅम्पडनचा मामेभाऊ ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या हाती सत्ता गेली. १६५३ मध्ये याच क्रॉमवेलने सैनिक आणून पार्लमेंटच्या सभासदांना बाहेर काढले. राजाने जे करू पाहिले होते, ते पार्लमेंटच्याच सेनापतीने करून दाखवले. हॅम्पडन जिवंत असता तर त्याने काय केले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण पाशवी बळाने सभागृह रिकामे करणे त्याला आवडले असते, असे त्याच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही.

१६६० मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा राजा आला. पुन्हा कुरबुरी झाल्या. शेवटी १६८८ मध्ये दुसरा जेम्स देश सोडून पळाला आणि १६८९ मध्ये हक्कांचा कायदा मंजूर झाला. पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाला कर घेता येणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले गेले. १७०१ च्या एका कायद्याने न्यायाधीशांना मर्जीप्रमाणे काढून टाकण्याचा राजाचा अधिकारही संपवला. क्रोक आणि हटन यांना जी भीती वाटली, ती पुढच्या न्यायाधीशांना वाटू नये, याची ही तजवीज होती.

आज एल्सबरी या शहराच्या बाजारचौकात हॅम्पडनचा पुतळा उभा आहे. लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीतही त्याचा पुतळा आहे. १६४२ नंतर इंग्लंडच्या कोणत्याही राजाने किंवा राणीने बैठक चालू असताना हाउस ऑफ कॉमन्समध्ये पाऊल ठेवलेले नाही. अधिवेशनाच्या आरंभी राजाचा दूत सभासदांना बोलवायला येतो, तेव्हा प्रथम त्याच्या तोंडावर सभागृहाचे दार लावले जाते. तीन वेळा दार ठोठावल्यावरच त्याला आत घेतात. वरवर पाहता ही एक जुनी गमतीदार रीत वाटते. पण हे घर लोकप्रतिनिधींचे आहे आणि येथे हुकमाने शिरता येत नाही, याची ती आठवण आहे.

मित्रांनो, ही गोष्ट दूरच्या देशाची आणि पावणेचारशे वर्षांपूर्वीची आहे. पुढे याच इंग्लंडने आपल्या देशावर राज्य केले आणि आपल्या लोकांना न विचारता आपल्याकडून कर घेतले. आपल्या घरात जो हक्क त्यांनी मिळवला होता, तो त्यांनी आपल्याला दिला नाही. तो आपल्याला झगडूनच मिळवावा लागला. म्हणून आपली राज्यघटना तयार झाली तेव्हा तीत कलम २६५ घालण्यात आले. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, असे हे कलम सांगते. देशाचा करविषयक कायदा प्रथम लोकसभेतच मांडावा लागतो, कारण लोकसभेचे सभासद तुमच्या-आमच्या मतांनी निवडून येतात.

हॅम्पडनने एक पौंड वाचवण्यासाठी खटला लढवला नाही. खटल्यात त्याचा त्याहून कितीतरी अधिक पैसा गेला असेल. त्याला फक्त एवढेच हवे होते की जो पैसे मागतो, त्याने आपला अधिकारही दाखवावा. कायदेशीर कर चुकवणे वेगळे आणि बेकायदेशीर कराला उघडपणे, न्यायालयात उभे राहून नकार देणे वेगळे. पहिल्यात माणूस तोंड लपवतो, तर दुसऱ्यात तो आपले नाव यादीत सर्वांत वर लिहितो. हा फरक तुम्ही ओळखलात, तर वीस शिलिंगांच्या या खटल्याचे मोल तुम्हाला कळले असे समजा.